वाचकांचे प्रश्न : ग्रेंज वाइन आणि मॅक्स शूबर्ट

प्रश्न : पेनफोल्ड्स कंपनीची ‘ग्रेंज’ ही आज ऑस्ट्रेलियाची सर्वांत मानाची रेड वाइन समजली जाते. तरीही सुरुवातीच्या काळात कंपनीनेच तिचे उत्पादन बंद करण्याचा हुकूम काढला होता, असे वाचनात आले. हे खरे आहे काय? आणि खरे असेल, तर वाइनच्या धंद्यात मुरलेल्या माणसांना तिची पारख का झाली नाही?

उत्तर : आपण वाचले ते खरे आहे, आणि प्रश्नाचा दुसरा भाग मला अधिक मोलाचा वाटतो, कारण ती वाइन नाकारणारी माणसे अजाण नव्हती. चुकली ती वेळ. वीस-पंचवीस वर्षांनी प्यायची म्हणून घडवलेली वाइन त्यांनी पाच-सहा वर्षांच्या आत चाखली.

तिचे निर्माते मॅक्स शूबर्ट यांचा जन्म 1915 साली दक्षिण ऑस्ट्रेलियातील मोकल्टा या गावी झाला. 1931 मध्ये ते पेनफोल्ड्सच्या नुरिऊट्पा येथील वाइनरीत निरोप्या म्हणून लागले, तिथून ॲडलेडजवळच्या मॅगिल येथे आले, दुसऱ्या महायुद्धात सैन्यात गेले आणि परतल्यावर 1948 मध्ये मुख्य वाइननिर्माते झाले. तेव्हा ऑस्ट्रेलियात खप होता तो पोर्ट आणि शेरी यांसारख्या, स्पिरिट मिसळून कडक केलेल्या वाइनचा. त्यामुळे 1950 मध्ये कंपनीने त्यांना युरोपात पाठवले तेही शेरी आणि पोर्ट यांचे तंत्र पाहण्यासाठीच. त्या दौऱ्यात ते फ्रान्समधील बोर्दो येथेही गेले. तेथील वाइन-व्यापारी क्रिस्तियाँ क्रूझ यांनी त्यांना चाळीस-पन्नास वर्षे जुन्या वाइन चाखायला दिल्या, आणि एवढ्या काळानंतरही त्यांत फळाचा स्वाद टिकून असल्याचे पाहून शूबर्ट भारावून गेले. निदान वीस वर्षे मुरत राहील अशी वाइन आपल्या मातीत करायची, हा ध्यास त्यांनी तिथून आणला. 1951 च्या हंगामात पहिला प्रयोग झाला आणि 1952 ची वाइन विक्रीसाठी बाहेर पडली. मॅगिल येथे कंपनीचे संस्थापक पेनफोल्ड दांपत्याने 1845 मध्ये बांधलेल्या ‘ग्रेंज’ नावाच्या छोट्या घरावरून तिचे नाव ठेवले गेले.

काही वर्षांनी कंपनीच्या सिडनी येथील मुख्य कार्यालयात तोपर्यंतच्या सर्व हंगामांची वाइन वरिष्ठांना आणि निमंत्रित जाणकारांना चाखायला देण्यात आली. ती कोणालाच फारशी रुचली नाही. रानफळांत मुंग्या चिरडल्यासारखी चव लागते, असा शेराही त्यात आला. कोवळ्या ग्रेंजचा घोट म्हणजे काय हे लक्षात घेतले, तर तो शेरा निव्वळ कुचेष्टेचा वाटत नाही. रंग जवळजवळ काळपट जांभळा, नाकात नव्या लाकडाचा उग्र दर्प आणि हिरड्या आवळून धरणारा तुरटपणा. हा तुरटपणा द्राक्षाच्या साली-बियांतल्या आणि पिंपाच्या लाकडातल्या टॅनिनचा असतो. वर्षे जातात तसे टॅनिनचे रेणू एकमेकांना जोडले जातात, त्यांतले काही गाळ होऊन तळाशी बसतात, रंग विटकरी होत जातो आणि फळाचा व लाकडाचा स्वाद एकमेकांत मिसळतो. ‘मुरणे’ या आपल्या शब्दात हे सारे येते. चाखणाऱ्यांच्या पेल्यात मात्र न मुरलेली वाइन होती.

1957 च्या हंगामाआधी बंदीचा हुकूम आला. शूबर्ट यांनी काम थांबवले नाही. 1957, 1958 आणि 1959 या तिन्ही हंगामांत त्यांनी मॅगिलच्या भुयारी तळघरांत थोडी थोडी वाइन गुपचूप केली. नव्या पिंपांसाठी पैसा मागणे शक्य नसल्याने ती नव्या ओक लाकडाचा स्पर्श न होताच मुरली. पेनफोल्ड घराण्यातील जेफ्री पेनफोल्ड हायलँड यांची साथ नसती, तर हे जमले नसते. दरम्यान आधीच्या बाटल्या आपल्या गतीने मुरत होत्या. त्या पुन्हा चाखल्यावर वरिष्ठांचे मत फिरले आणि 1960 च्या हंगामाआधी त्यांनीच उत्पादन पुन्हा सुरू करायला सांगितले. 1955 च्या ग्रेंजला 1962 मध्ये सिडनीच्या स्पर्धेत सुवर्णपदक मिळाले, आणि पुढे त्या एकाच हंगामाच्या वाइनने पन्नासहून अधिक सुवर्णपदके मिळवली. शूबर्ट 1975 मध्ये निवृत्त झाले आणि 1994 मध्ये त्यांचे निधन झाले. बंदीच्या त्या तीन वर्षांत त्यांनी हुकूम मोडला हे खरेच, पण आपल्या कामावरची एवढी निष्ठा फार थोड्या कारकिर्दींत पाहायला मिळते, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : शूबर्ट यांना प्रेरणा बोर्दोत मिळाली, तर मग ग्रेंज ही बोर्दोच्या वाइनची नक्कल ठरत नाही का?

उत्तर : नाही. बोर्दोत काबर्ने सोव्हिन्यों या द्राक्षाला मोठे स्थान आहे, पण दक्षिण ऑस्ट्रेलियात तेव्हा ते फारच थोडे पिकत असे. म्हणून शूबर्ट यांनी मुबलक मिळणारे शिराझ निवडले. पिंपेही त्यांनी फ्रेंच ओकची नव्हे, तर नव्या अमेरिकन ओकची घेतली. हे लाकूड व्हॅनिला आणि नारळ यांच्या जवळचा गोडसर गंध देते. आणखी एक फरक मला सर्वांत मोठा वाटतो. फ्रान्समध्ये वाइनची ओळख तिच्या मळ्याशी बांधलेली असते, तर ग्रेंजसाठी दरवर्षी निरनिराळ्या भागांतील उत्तम द्राक्षांची वाइन एकत्र केली जाते.

घडवण्याची रीतही पाहण्याजोगी आहे. रस आंबू लागला की वायूच्या जोराने द्राक्षांच्या साली वर येऊन तरंगतात आणि त्यांतला रंग व कस पुरता उतरत नाही. शूबर्ट यांनी टाकीत रसाच्या पातळीखाली आडव्या फळ्या ठोकून साली सतत बुडालेल्या ठेवल्या. रस काढून थंड करायचा आणि पुन्हा वरून सोडायचा, असे करत त्यांनी आंबण्याचा वेग ताब्यात ठेवला आणि कस उतरायला जवळजवळ बारा दिवस मिळवले. आंबण्याचा शेवटचा टप्पा पिंपातच पुरा होई, त्यामुळे लाकडाचा गंध वाइनमध्ये एकजीव होत असे. कंपनीचे रसायनतज्ज्ञ रे बेकविथ यांचाही इथे उल्लेख व्हायलाच हवा. वाइनचा पीएच, म्हणजे आम्लतेचे माप, मोजून तो योग्य मर्यादेत ठेवला, तर तिला नासवणारे जिवाणू वाढत नाहीत, हे त्यांनी आधीच पक्के केले होते. वीस वर्षे टिकण्याच्या स्वप्नाला त्या मोजमापाचा आधार होता.

प्रश्न : जुन्या बाटल्यांवर ‘ग्रेंज हर्मिटेज’ असे नाव का दिसते?

उत्तर : ऑस्ट्रेलियात शिराझला पूर्वी हर्मिटेज म्हणत. हर्मिटेज हे मुळात फ्रान्समधील ऱ्होन खोऱ्यातल्या वाइनचे नाव असल्याने 1990 च्या हंगामापासून ते लेबलवरून काढण्यात आले.

प्रश्न : इतकी वर्षे बाटली राखल्यावर आतली वाइन चांगली आहे की नाही, हे न उघडता कसे ओळखावे?

उत्तर : खात्री उघडल्यावरच होते, पण बाटली उजेडासमोर धरून वाइनची पातळी पाहावी. ती मानेखाली, बाटलीच्या खांद्यापर्यंत उतरली असेल, तर बूच सैल होऊन हवा आत गेल्याची शक्यता असते. तळाचा गाळ हे बिघाडाचे लक्षण नव्हे. बाटली दिवसभर उभी ठेवून वरची वाइन अलगद दुसऱ्या भांड्यात ओतावी. पेनफोल्ड्सने 1991 पासून जुन्या बाटल्यांसाठी ‘रीकॉर्किंग क्लिनिक’ सुरू केली आहेत. तिथे मालकासमोर बाटली तपासतात, गरज वाटल्यास उघडून चाखतात, उणी झालेली वाइन थोडी भरून नवे बूच बसवतात, आणि वाइन बिघडलेली निघाली तर तिला प्रमाणपत्र देत नाहीत. पंधरा वर्षे पुरी न झालेली बाटली मात्र या क्लिनिकमध्ये घेतच नाहीत.