शिलेदारांचे घोडे आणि फ्लीटवुडची टेकडी

प्रश्न : अमेरिकेच्या यादवी युद्धात ९ जून १८६३ रोजी झालेली ब्रँडी स्टेशनची लढाई ही त्या युद्धातील घोडदळाची सर्वांत मोठी लढाई मानली जाते. ती दक्षिणेने, म्हणजे संघराज्यातून फुटून निघालेल्या राज्यांनी, जिंकली असे एके ठिकाणी वाचले. दुसरीकडे, त्याच दिवसापासून दक्षिणेच्या घोडदळाला उतरती कळा लागली असे वाचले. यांतले खरे काय?
— एक निवृत्त शिक्षक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : दोन्ही विधाने खरी आहेत. संध्याकाळी रणांगण कोणाच्या ताब्यात राहिले एवढेच पाहिले तर जय दक्षिणेचा ठरतो. पण त्या दिवशी उत्तरेचे स्वार कसे लढले आणि पुढच्या दोन वर्षांत दोन्हीकडच्या पागांचे काय झाले हे पाहिले, तर दुसरे विधान पटते.

व्हर्जिनियातील कल्पेपर गावाजवळ, रॅपाहॅनॉक नदीच्या दक्षिणेला ब्रँडी स्टेशन हे रेल्वेचे लहानसे ठिकाण होते. मे महिन्यात चान्सलर्सव्हिलची लढाई जिंकल्यावर दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली याने उत्तरेत मुसंडी मारण्याचे ठरवले होते, आणि कल्पेपरच्या आसपास जमणारे त्याचे पायदळ शत्रूच्या नजरेस पडू न देण्याची जबाबदारी जेब स्टुअर्ट याच्या सुमारे साडेनऊ हजार स्वारांवर होती. स्टुअर्ट शूर होता, तसाच हौशीही होता. ५ जूनला त्याने निमंत्रित स्त्री-पुरुषांसमोर घोडदळाचे भव्य संचलन करून तोफांच्या आवाजात लुटुपुटूची लढाईही खेळून दाखवली. त्या दिवशी ली येऊ शकला नव्हता, म्हणून ८ जूनला त्याच्यासाठी पुन्हा संचलन झाले. दुसऱ्या सकाळी कूच करायचे असल्याने थकलेले घोडे आणि बांधलेले सामान घेऊन फौज नदीकाठच्या तळांवर झोपली.

नदीपलीकडे उत्तरेचा ॲल्फ्रेड प्लेझंटन आठ हजार स्वार आणि तीन हजार पायदळ घेऊन त्याच रात्री गुपचूप येऊन थांबला होता. स्टुअर्टचे घोडदळ उधळून लावण्याचा त्याला हुकूम होता. जॉन ब्यूफर्डने वरच्या अंगाच्या बेव्हर्ली उताराने (उतार म्हणजे नदी ओलांडण्याजोगी उथळ जागा) आणि डेव्हिड ग्रेगने खालच्या अंगाच्या केली उताराने नदी ओलांडायची, आणि दोघांनी ब्रँडी स्टेशनवर एकत्र यायचे, असा बेत होता. शत्रू कल्पेपरपाशी असेल या समजुतीवर तो आखला होता. प्रत्यक्षात शत्रू उताराच्या तोंडाशीच होता.

पहाटे साडेचारच्या सुमारास, दाट धुक्यात, ब्यूफर्डच्या स्वारांनी उतारावरची चौकी उडवली. दक्षिणेचे काही स्वार अर्धवट कपड्यांत, खोगीर न घालताच घोड्यावर चढून लढायला आले. त्यांनी उत्तरेच्या बिनीवरचा कर्नल बेंजामिन डेव्हिस याला ठार केले आणि तेवढ्या अवधीत आपल्या तोफा मागे नेल्या. सेंट जेम्स चर्चजवळ त्या तोफा पुन्हा मांडल्यावर उत्तरेच्या स्वारांनी मोकळ्या शेतातून थेट त्यांच्या तोंडावर हल्ला चढवला. तो परतवला गेला, पण शत्रूच्या तोफांपर्यंत असे घोडे घालणारे उत्तरेचे घोडदळ दक्षिणेला नवीनच होते.

ग्रेगच्या मदतीला यायची तुकडी वाट चुकल्याने त्याला नदी ओलांडायला उशीर झाला. तरीही दुपार होण्याआधी तो स्टुअर्टच्या थेट पिछाडीला पोहोचला. शत्रू मागून येत असल्याचा पहिला निरोप स्टुअर्टला खराच वाटला नाही. ज्या फ्लीटवुड टेकडीवर त्याचे ठाणे होते, तेथे त्या वेळी स्टुअर्टच्या हाताखालचा अधिकारी मेजर हेन्री मॅक्लेलन, काही जासूद आणि दारूगोळा संपत आला म्हणून आघाडीवरून परत पाठवलेली एक हॉवित्झर तोफ, एवढेच शिल्लक होते. तोफेजवळ काही सदोष आणि काही भरीव गोळे होते. मॅक्लेलनने ती टेकडीच्या माथ्यावर ओढून नेली आणि सावकाश, अंतर राखून एकेक गोळा डागायला लावले. समोरून येणाऱ्या ग्रेगच्या तुकडीचा सेनानी पर्सी विंडम याला वाटले की, टेकडीवर बऱ्यापैकी फौज असली पाहिजे. तो थांबला आणि आपल्या तोफा पुढे आणायला लागला. तेवढ्या वेळात मॅक्लेलनचे स्वार एकामागून एक स्टुअर्टकडे दौडत गेले आणि मदतीच्या तुकड्या भरधाव परतल्या. त्या माथ्यावर पोहोचल्या तेव्हा विंडमचे स्वार अगदी हाताच्या अंतरावर आले होते. साऱ्या दिवसाचा निकाल त्या काही मिनिटांवर टांगलेला होता असे मला वाटते, आणि ती मिनिटे मॅक्लेलनच्या डोक्याने मिळवून दिली.

पुढे काही तास टेकडीसाठी तलवारी आणि पिस्तुलांनी लढाई झाली. टेकडी या हातातून त्या हातात अनेकदा गेली, आणि धुळीत आपला कोण व परका कोण हे ओळखणे अवघड झाले. उत्तरेच्या तीन तोफा दक्षिणेने घेतल्या. रणांगणाच्या उत्तर टोकाला रॉबर्ट लीचा मुलगा रूनी ली मांडीला गोळी लागून जखमी झाला. दक्षिणेचे पायदळ जवळ येत असल्याची चाहूल लागताच प्लेझंटनने माघारीचा हुकूम दिला आणि त्याची फौज आल्या उतारांनी परत गेली. उत्तरेचे सुमारे ९०० आणि दक्षिणेचे सुमारे ५०० लोक मेले, जखमी झाले किंवा पकडले गेले. लीची खरी योजना काय आहे, हे प्लेझंटनला कळले नाही ते नाहीच.

आता उतरत्या कळेबद्दल. पहिली दोन वर्षे उत्तरेचे घोडदळ तुकड्यातुकड्यांनी पायदळाच्या सेनानींकडे वाटलेले होते आणि त्याचा बराच वेळ निरोप पोहोचवण्यात व पहारे देण्यात जाई. फेब्रुवारी १८६३ मध्ये उत्तरेचा सेनापती जोसेफ हूकर याने ते एका हाताखाली आणले. दुसरे कारण मराठी वाचकाला चटकन कळेल, कारण त्यासाठी आपल्या भाषेत तयार शब्द आहेत : दक्षिणेचा स्वार शिलेदार होता आणि उत्तरेचा बारगीर. दक्षिणेचा माणूस घरचा घोडा घेऊन येई आणि सरकार त्याला घोड्यापोटी दिवसाला ४० सेंट देई. घोडा लढाईत पडला तर भरपाई मिळे, पण लंगडा झाला किंवा उपासमारीने खंगला तर तोटा स्वाराचाच. नवा घोडा आणायला त्याने रजा घेऊन घरी जायचे, आणि घोडा मिळालाच नाही तर पायदळात भरती व्हायचे. लहानपणापासून घोड्यावर बसलेल्या या माणसांनी सुरुवातीला शहरी रंगरुटांची दाणादाण उडवली, यात नवल नाही. परंतु युद्ध लांबले आणि व्हर्जिनियातले चांगले घोडे संपत आले, तशा त्यांच्या तुकड्या लढाई न होताही रोडावू लागल्या. उत्तरेत घोडा सरकारचा होता. जुलै १८६३ मध्ये तर घोड्यांच्या खरेदी व पुरवठ्यासाठी स्वतंत्र खातेच निघाले. शिवछत्रपतींनी शिलेदारांपेक्षा सरकारी पागेतल्या बारगिरांवर अधिक भर का दिला, याचे एक उत्तर या हिशेबातही सापडते.

उत्तरेच्या स्वारांना या लढाईने आत्मविश्वास दिला, ही कबुली पुढे खुद्द मॅक्लेलननेच लिहून ठेवली आहे.

प्रश्न : आपल्याकडच्या खेडच्या लढाईशी हिची तुलना करता येईल का?
— एक विद्यार्थिनी, गडहिंग्लज

उत्तर : लढाई म्हणून फारशी नाही. १२ ऑक्टोबर १७०७ रोजी भीमेकाठी खेड येथे ताराबाई आणि शाहू यांच्या फौजा समोरासमोर आल्या, तेव्हा धनाजी जाधव शाहूंना जाऊन मिळाले, परशुरामपंत प्रतिनिधींना सातारा गाठावा लागला आणि निकाल तेथेच लागला. ब्रँडी स्टेशनला कोणी पक्ष बदलला नाही आणि दिवसभर लढूनही निर्णायक निकाल लागला नाही.

मात्र यादवी म्हणून दोन्हींत साम्य दिसते. कावळा नाक्यावरचा ताराराणींचा अश्वारूढ पुतळा येता-जाता पाहणाऱ्या कोल्हापूरकरांना हे वेगळे सांगायला नको, की तो तंटा चुलती-पुतण्याचा होता आणि सातारा-कोल्हापूरच्या सीमा ठरायला १७३१ चा वारणेचा तह व्हावा लागला. तिकडे बेव्हर्ली उतारावर पडलेला कर्नल डेव्हिस उत्तरेकडून लढत होता, पण जन्मला अलाबामात आणि वाढला मिसिसिपीत, म्हणजे ऐन दक्षिणेत. स्टुअर्टचे सासरे फिलिप सेंट जॉर्ज कुक हे स्वतः घोडदळाचे नामांकित सेनानी होते. जन्माने व्हर्जिनियाचे असूनही ते उत्तरेकडे राहिले. स्टुअर्टने आपल्या मुलाला या सासऱ्यांचेच नाव ठेवले होते. त्यांचा निर्णय कळल्यावर त्याने ते नाव बदलून मुलाला स्वतःचे नाव दिले.