'मॅडम, तिला खलनायकच आवडतो!'

"मॅडम, तिला चांगला माणूस आवडतच नाही."

समुपदेशनाच्या माझ्या खोलीत हे वाक्य मी गेल्या काही वर्षांत इतक्या आयांच्या तोंडून ऐकलंय की आता त्या खुर्चीत बसेपर्यंत मी मनातल्या मनात नाव ओळखायचा खेळ खेळते. लोकी? कायलो रेन? जोकर? एकदा आठवीतल्या एका मुलानं गब्बरच्या आईवर पंधरा पानं लिहिली होती. त्याचे वडील त्या पानांची झेरॉक्स काढून, फाइलला लावून घेऊन आले, पोलिसांत पुरावा द्यावा तसे. (पानं फार सुरेख होती. गब्बरला लहानपणी अंधाराची भीती वाटायची, असं त्यात होतं.)

ज्यांच्या घरी हा प्रकार अजून आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सिनेमा संपतो, पण मुलांचं मन भरत नाही. मग ती तीच पात्रं उचलून पुढची गोष्ट, मागची गोष्ट किंवा न दाखवलेली गोष्ट स्वतः लिहितात. त्याला 'फॅनफिक' म्हणतात. वहीच्या मागच्या पानांवर लिहितात, वॉटपॅडवर लिहितात, एओ३ नावाच्या मोठ्या संग्रहस्थळावर लिहितात. त्यात खलनायकांचा भाव कायम वधारलेला असतो, आणि नेमकं तेच घरच्यांना खुपतं. नायकावर लिहिलं असतं तर कौतुकानं मावशीला पाठवलं असतं.

तन्वीची आई आली तेव्हा मुलगी दहावीत होती. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) चाचणीत गणिताचे मार्क घसरले म्हणून आईनं फोन तपासला आणि 'थॉर' या इंग्रजी सिनेमातल्या लोकी या खलनायकावर लिहिलेली त्रेचाळीस प्रकरणं सापडली. सगळी इंग्रजीत.

"त्रेचाळीस, मॅडम! निबंध लिहायला सांगितलं तर दीड पानात दम लागतो हिला. आणि कुणावर, तर भावाच्या जिवावर उठलेल्या, शहरं उद्ध्वस्त करणाऱ्या माणसावर. उद्या असलाच कुणीतरी घरी घेऊन आली म्हणजे?"

खरी भीती त्या शेवटच्या वाक्यात असते. गणित हे निमित्त.

आई वाचणाऱ्या होत्या. मी विचारलं, "तुमच्या घरी 'मृत्युंजय' आहे?"

"आहे ना. माझंच आहे. लग्नात माहेरून आणलेलं."

"म्हणजे कर्ण तुम्हालाही आवडतो."

"तो वेगळा हो. तो वाईट नव्हता, त्याच्या वाट्याला वाईट आलं."

"आणि द्यूतसभेत द्रौपदीला तो काय बोलला?"

त्या गप्प झाल्या. मला त्यांना हरवायचं नव्हतं. (थोडं हरवायचं होतं, कबूल करते.) शिवाजी सावंतांची ही कादंबरी १९६७ ची. कर्ण स्वतः बोलतो, कुंती बोलते, दुर्योधनसुद्धा बोलतो. त्याच १९६७ साली तिकडे अमेरिकेत एका टीव्ही मालिकेच्या चाहत्यांनी आपल्या लाडक्या पात्राच्या गोष्टी टंकून, चक्रमुद्रित करून त्यांचा अंक काढला होता. फॅनफिकचा इतिहास सांगणारे सहसा त्या अंकापासून सुरुवात करतात. दोन्हींच्या दर्जाची तुलना मी करत नाही. पण ऐकून पाठ झालेल्या गोष्टीत ज्याला बोलू दिलं नाही त्याला बोलतं करावंसं वाटणं, ही भूक जुनी आहे आणि मराठी घरात तर ती कपाटात पहिल्या रांगेत ठेवलेली असते.

आई म्हणाल्या, "बरं. पण तुम्ही तिच्याशी बोला."

अठराच्या आतल्या प्रत्येकाला मी पहिल्याच भेटीत सांगते: तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर घरी सांगेन, बाकी इथलं इथेच. तन्वीनं ते ऐकून मान हलवली आणि पाण्याच्या बाटलीच्या झाकणातली रबराची रिंग नखानं सोलत बसली.

आता माझी चूक सांगते. मी हा सिनेमा मुद्दाम पाहून ठेवला होता. लोकी हा दत्तक मुलगा. मोठा भाऊ थॉर बापाच्या डोळ्यांतला तारा. आपण शत्रूच्या घरातून उचलून आणलेलं पोर आहोत हे लोकीला तरुणपणी कळतं. तन्वीलाही मोठा भाऊ, नावाजलेल्या कॉलेजात इंजिनिअरिंगला. मला वाटलं, झालं, उत्तर मिळालं. मी अगदी हळुवारपणे विचारलं, "दादाचं घरात फार कौतुक होतं का गं?"

तिनं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "मॅडम, सगळे हेच विचारतात. शाळेतल्या काउन्सेलरनी पण हेच विचारलं. दादा चांगला आहे. मला गणित तोच शिकवतो."

अनुभवाचा हा तोटा. जुनी चावी हातात तयार असते आणि आपण ती प्रत्येक कुलपाला लावून बघतो.

पुढच्या वेळी मी तिला काहीच विचारलं नाही. एवढंच म्हटलं, "एखादं प्रकरण वाचून दाखवशील? मला मराठीत सांगत सांगत." त्या दिवशी ती पन्नास मिनिटं बोलली. तिची सगळी गोष्ट तुरुंगात घडत होती. न्यूयॉर्कवर हल्ला करून हरल्यावर लोकीला परत अस्गार्डला, म्हणजे त्याच्या बापाच्या राज्यात, नेऊन कोठडीत टाकतात, तेवढाच काळ तिनं धरला होता. ना लढाया, ना प्रेमप्रकरण. प्रत्येक प्रकरणात कुणीतरी त्याला भेटायला येतं आणि तो त्या माणसाशी खोटं बोलतो. बस.

"त्यानं केलं ते बरोबर होतं असं वाटतं तुला?"

"नाही! माणसं मेली ना."

"आणि असं कुणी तुझ्याशी वागलं, सारखं खोटं, सारखं फसवणं, तर?"

"ब्लॉक." एका शब्दात. "मॅडम, तो गोष्टीत आहे."

आईच्या भीतीचं उत्तर खरं तर इथेच मिळालं होतं. माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या आठ-नऊ मुलांच्या बाबतीत गोष्ट इथेच संपते. पोर ठणठणीत असतं, त्याला पात्र आवडलेलं असतं, त्यामागे कसलंही गुपित नसतं. वाघाच्या पिंजऱ्यापाशी रेंगाळणारं मूल वाघ घरी नेणार नसतं. तन्वीलाही मी तिसऱ्या-चौथ्या भेटीत निरोप दिला असता. पण तिनं मला एक कमेंट दाखवली.

ब्राझीलमधल्या कुणा वाचकानं लिहिलं होतं: गोष्ट फार आवडते, पण तुझ्या अस्गार्डमध्ये सगळे सारखं जेवणाचं का विचारतात?

तन्वी हसत होती. "त्यांना काय कळणार!" तिच्या गोष्टीत एक म्हातारा पहारेकरी होता. त्याला नाव नव्हतं. राणी येऊन जाते, भाऊ येऊन भांडून जातो, आणि सगळे गेले की हा गजांजवळ येऊन हळू आवाजात विचारतो, "जेवलास का?" त्रेचाळीसपैकी बहुतेक प्रकरणं या वाक्याशी संपत होती. ब्राझीलच्या वाचकाला ते विचित्र वाटलं. मला ते ओळखीचं वाटलं. आपल्याकडे रागावून, अबोला धरून, वाटण्या होऊनसुद्धा हा एक प्रश्न शिल्लक राहतो.

"हा हळू आवाजात का विचारतो?"

"राजानं त्याच्याशी बोलायची मनाई केलीय ना."

"आणि तुमच्या घरी?"

हा प्रश्न मला का सुचला, नेमकं सांगता येणार नाही. बावीस वर्षं याच खोलीत बसल्यावर कान थोडे तयार होतात, एवढं म्हणू. रबराची रिंग आता पूर्ण निघाली होती. ती तिनं बोटात घातली, काढली, पुन्हा घातली.

"आजी पण हळूच विचारते. गॅलरीत जाऊन. बाबा झोपल्यावर, साडेदहाला."

मग बोलण्यात काका आला. वडिलांचा धाकटा भाऊ. ट्रेडिंगच्या नादात त्यानं आजीच्या पाटल्या गहाण टाकल्या. तन्वीच्या बाबांना जामीन ठेवून कर्ज काढलं आणि एके दिवशी शहर सोडलं. हप्ते आजही बाबाच भरतात. घरात त्याचं नाव काढायचं नाही. याच काकानं तन्वीला सायकल शिकवली होती, आणि लोकीचा पहिला सिनेमा दाखवला होता तोही त्यानंच. आजी रात्री चोरून त्याला फोन करते हे फक्त तन्वीला माहीत होतं, निदान तन्वीला तसं वाटत होतं. दीड वर्ष ती साडेदहाला जागी राहून बाबांच्या खोलीच्या दाराकडे लक्ष ठेवत होती. प्रकरणं लिहिली जायची ती त्याच वेळात.

मी तिला लोकी समजत होते. पण ती गजांबाहेर उभी होती, दाराकडे लक्ष ठेवून.

"मॅडम, त्यानं केलं ते वाईट आहे. मला माहितेय. तरी मला त्याची आठवण येते. म्हणजे मी बाबांच्या विरुद्ध झाले का?"

इथे माझा कल उघड करते. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये मांडलेल्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझी घडण झाली आहे आणि मला तिचा अभिमान आहे. एलिस यांचं म्हणणं साधं आहे: माणसाच्या कृतीला जोखा, अख्ख्या माणसाला गुण देऊ नका. कृती वाईट म्हणता येते, म्हणावीच. पण पाटल्या गहाण टाकणारा आणि सायकलची सीट धरून मागे धावणारा एकच माणूस असेल, तर त्याला एका शिक्क्यात कसा बसवणार? आपली मराठी या बाबतीत फार सोयीची आहे, सगळा घोळ ती एका अक्षरात दाखवते. 'तो नालायकच आहे.' 'तिला चांगला माणूस आवडतच नाही.' 'च' आला की माझे कान टवकारतात. तन्वीला हे मी शिकवायची गरजच नव्हती. ते ती त्रेचाळीस प्रकरणं लिहीत होती. लोकीला तिनं एकदाही निर्दोष सोडलं नाही, आणि एकदाही उपाशी ठेवलं नाही.

हे मी तिला बोलून दाखवलं. माझं मलाच ते फार आवडलं होतं. ती म्हणाली, "पण मी हे काकासाठी लिहीत नाही हं. लोकी लोकी आहे, काका काका आहे. काकाला तर केसही नाहीत."

मान्य केलं. करावं लागतं.

आजीच्या फोनचं आईला सांगायचं ठरवायला तिला आणखी तीन भेटी लागल्या. शेवटी माझ्यासमोर, एका दमात, जमिनीकडे बघत तिनं सांगून टाकलं. आईनं पर्समधून रुमाल काढला, घडी मोडली, परत घातली.

"अगं, मला माहितेय," त्या म्हणाल्या. "आजीच्या फोनचं रिचार्ज कोण मारतं?"

वडील एकदाच आले. त्यांचा राग मला खोटा वाटला नाही. दर महिन्याला खात्यातून हप्ता जातो त्या माणसाला मी क्षमेचं प्रवचन देणार नव्हते. त्यांनी एवढंच कबूल केलं की आपल्या आईनं, म्हणजे आजीनं, कुणाशी बोलावं हे ते ठरवणार नाहीत. आजी आता गॅलरीत जात नाही, स्वयंपाकघरातूनच बोलते. तन्वी साडेदहाला झोपते. गणित सुधारलं, पण फार नाही.

आता तुमच्या घरातल्या लोकीबद्दल. चोरून वाचू नका. वाचलं असेल तर तसं सांगून टाका, कारण कळतंच. 'तुला हा का आवडतो?' हा प्रश्न टाळा. त्यात आरोप असतो आणि मुलांना तो लगेच ऐकू येतो. 'पुढे काय होतं?' हे विचारा, आणि मग खरंच ऐका, अर्धं कळलं नाही तरी. गोष्टीतलं वागणं प्रत्यक्षात कुणी केलं तर काय करशील, हे एकदा सहज विचारून बघा. 'ब्लॉक'सारखं उत्तर आलं तर निश्चिंत राहा. 'माझ्यावर प्रेम असेल तर चालेल' असं काही आलं तर बोलायला विषय मिळाला, आणि त्याबद्दल सिनेमाचे आभार माना.

लिखाणापेक्षा त्याच्या आजूबाजूला लक्ष द्या. या संकेतस्थळांवर प्रौढांसाठीचा मजकूरही असतो. एओ३ वर कथा कोणत्या वयासाठी आहे याची पाटी असते. ती कशी वाचायची, हे मुलाकडूनच समजून घ्या. टोपणनाव असावं, शाळेचं नाव आणि फोटो नसावा. कौतुक करणारा अनोळखी माणूस खासगी गप्पांसाठी दुसऱ्या ॲपवर बोलवायला लागला तर तिथे मात्र तुम्ही मध्ये पडायचं, न लाजता. आणि मूल झोपत नसेल, जेवणाखाण्यातून, मित्रांतून उठलं असेल, वर्गातल्या खऱ्या मुलांची नावं घालून हिंसा लिहीत असेल किंवा स्वतःला संपवण्याबद्दल लिहीत असेल, तर खलनायकाचा वाद बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी मदत घ्या. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

हा लेख छापण्याआधी तन्वीला आणि तिच्या आईला वाचायला दिला होता. आईनं काकाच्या व्यवसायाचा एक तपशील काढायला लावला, तो काढला. तन्वीला पाटल्या, गॅलरी, बाबा, कशावरच आक्षेप नव्हता. तिनं एकच दुरुस्ती पाठवली, तीही व्हॉइस नोटवर, चिडून: माझ्या मसुद्यात लोकी पहिल्या सिनेमाच्या शेवटी तुरुंगात जातो असं लिहिलं होतं. पहिल्याच्या शेवटी, २०११ मध्ये, तो पुलावरून हात सोडून खाली पडतो. कोठडी २०१३ च्या सिनेमात आहे. "एवढं तरी नीट बघायचं ना, मॅडम."