शंका आल्या तरी चर्चमधली मिस्सा सोडू नकोस

बाळा, बाप्तिस्म्याला वर्ष होत नाही तोच मनात शंका यायला लागल्या म्हणून घाबरू नकोस. येशूचा शिष्य थोमा, त्याला बघ. येशू मेलेल्यांतून उठला असं बाकीचे शिष्य सांगत होते, त्याचा विश्वास बसत नव्हता. तरी आठ दिवसांनी तो त्यांच्यातच होता आणि प्रभू त्याला तिथेच भेटला. मला त्याचं हे टिकून राहणंच फार मोलाचं वाटतं. म्हणून वेंगुर्ल्यात धो धो पाऊस कोसळत असला, मन लागत नसलं, तरी छत्री घेऊन मिस्सेला ये. मागच्या बाकावर बस, गावंसं वाटलं नाही तर गाऊ नकोस. प्रार्थनेला शब्द सुचेनात तर बायबलमधलं स्तोत्र 88 मोठ्याने वाच. ते शेवटपर्यंत अंधारातच आहे, तरी पवित्र शास्त्रात आहे. आणि रात्री मोबाइलवर एकट्याने वाद वाचत बसण्यापेक्षा फादरना सरळ विचार. हवं तर मी सोबत येते.