काटेरी पानांच्या हॉलीचं झुडूप फार वाढलंय, आतून नुसत्या काड्या दिसतात. छाटणी कधी आणि किती करू? फळं पुन्हा येतील का?

आत काड्या उरतात त्या बहुतेक वेळा वरवरच्या कातरणीमुळे. मोठ्या कात्रीने दरवर्षी बाहेरून गोल केलं की कापलेल्या प्रत्येक टोकाशी दोन-तीन फुटवे येतात, वर दाट छत होतं आणि आत ऊन पोचत नाही. माझ्याही झुडपाचं हेच झालं होतं. बाहेरून भरगच्च हिरवं, पण पानं बाजूला सारली की वीतभर आत सगळा अंधार.

म्हणून सिकेटर (फांद्या कापायची हातकात्री) घ्या आणि हात आत घाला. चामड्याचे जाड हातमोजे मात्र हवेतच. सगळ्यात जुन्या, जाड फांद्या आधी शोधा आणि एकेक फांदी मागे जात जात जिथे ती दुसऱ्या फांदीला फुटली आहे तिथे कापा. खुंट ठेवू नका. बारीक फांदी कापताना पानाच्या देठाशी टाचणीच्या डोक्याएवढा डोळा दिसेल, त्याच्या किंचित वर काप घ्या. तिथूनच नवा फुटवा निघतो.

वेळ म्हणाल तर हिवाळा सरताना, नवी पालवी फुटायच्या आधी. थंडीच्या तोंडावर छाटलंत तर कोवळे फुटवे हिमात करपतात. नुसता आकार नीट करायचा असेल तर उन्हाळ्याच्या शेवटी हलकी छाटणी चालते. झुडपात पक्ष्याचं घरटं नाही ना, हे मात्र आधी बघा.

हॉली जुन्या, निबर लाकडातूनही फुटते, त्यामुळे धीर धरा. पण एका वर्षी एक तृतीयांशच काढा आणि काम तीन वर्षांत पुरं करा. फळांचं उत्तरही यातच आहे. युरोपीय हॉलीला फुलं गेल्या वर्षीच्या लाकडावर येतात. सगळं एकदम उतरवलंत तर त्या वर्षी फळं गेलीच, टप्प्याटप्प्याने केलंत तर न छाटलेल्या भागावर ती धरतात. फळं फक्त मादी झुडपालाच लागतात, आणि त्यासाठी जवळपास नर झुडूप लागतं. तुमच्याकडे आधी फळं येत होती का, ते आठवून बघा. कधीच आली नसतील तर दोष छाटणीचा नाही.

पांढऱ्या-पिवळ्या कडेच्या पानांची जात असेल आणि मध्येच पूर्ण हिरवी फांदी निघाली तर ती जिथून फुटली तिथूनच काढा. ती जोमाने वाढते आणि बाकीच्या झुडपावर मात करते.

छाटलेली पानं त्याच दिवशी गोळा करा. वाळल्यावर काटे आणखी कडक होतात, आणि कित्येक महिन्यांनी तण काढताना बोटात घुसतात.