१९७२ ची 'अभिरुचीने सुधारलेली' अल्फा रोमिओ २००० जीटीव्ही घ्यावी का?

तुम्ही म्युनिकला राहता, उत्तर इटलीतील एका विक्रेत्याकडची १९७२ ची अल्फा रोमिओ २००० जीटीव्ही तुमच्या मनात भरली आहे, आणि तिच्यात केलेल्या सुधारणांसाठी जास्तीचे पैसे मोजावेत का, असे तुम्ही विचारले आहे. पुढेमागे ती पुण्याला न्यायची इच्छाही तुम्ही व्यक्त केली आहे. मी जर्मनीतच राहतो आणि याच मालिकेतील गाडी बरीच वर्षे वापरत आहे, म्हणून सविस्तर लिहितो. माझे मत असे की, ज्या सुधारणेने गाडीचा मूळ स्वभाव बदललेला नाही आणि जी उद्या काढून टाकायची म्हटले तर काढता येते, तिचेच पैसे द्यावेत.

ही गाडी मुळातच फार विचारपूर्वक घडवलेली आहे. बेर्तोने या गाड्यांचे आकार घडवणाऱ्या इटालियन कंपनीत काम करणाऱ्या विशीतल्या जॉर्जेत्तो जुजारोने तिचा आकार रेखाटला आणि १९६३ मध्ये जुलिया स्प्रिंट जीटी या नावाने ती मिलानजवळच्या आरेझे येथील कारखान्यातून बाहेर पडू लागली. तिचीच पुढची आवृत्ती असलेल्या, तुम्ही पाहत असलेल्या २००० जीटीव्हीमध्ये १९६२ सीसीचे, दोन कॅमशाफ्टचे (म्हणजे झडपा उघडणाऱ्या दांड्यांचे), संपूर्ण अ‍ॅल्युमिनियमचे इंजिन आहे. त्याची ताकद सुमारे १३२ अश्वशक्ती आणि गाडीचे वजन हजार किलोंहून थोडेसेच जास्त आहे. पाच गिअर आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक तिला कारखान्यातूनच मिळालेले आहेत. तेव्हा 'आधुनिक बनवली' हा विक्रेत्याचा दावा मला फारसा मोलाचा वाटत नाही.

तुम्ही पाठवलेल्या सुधारणांच्या यादीतील इलेक्ट्रॉनिक इग्निशन (ठिणगी पाडणारी यंत्रणा) मी डोळे मिटून स्वीकारेन. ते मूळ डिस्ट्रिब्युटरच्याच, म्हणजे ठिणगी वाटून देणाऱ्या भागाच्याच, आकारात मिळते, बाहेरून ओळखूही येत नाही आणि थंडीत गाडी पटकन सुरू होते. स्टेनलेस स्टीलच्या सायलेन्सरलाही हरकत नाही. पंधरा इंची चाके शोभतात खरी, पण मूळची चौदा इंची चाके सोबत मिळणार आहेत का, हे आधी विचारा. खाली उतरवलेले सस्पेन्शन मात्र नीट पाहायला हवे. या इंजिनाचा तेलाचा सम्प, म्हणजे तळाची तेलाची टाकी, अ‍ॅल्युमिनियमचा, ओतीव आणि पन्हाळीदार असून तो आधीच रस्त्याच्या फार जवळ असतो. केवळ आखूड स्प्रिंगा घालून गाडी खाली बसवली असेल, तर पुढच्या चाकांची भूमितीही बिघडते आणि गतिरोधकावर पहिला तडाखा या सम्पलाच बसतो. म्हणून गाडी लिफ्टवर चढवून सम्पच्या तळावर वेल्डिंगच्या किंवा घासल्याच्या खुणा आहेत का ते पाहा.

'ताकद वाढवलेले इंजिन' म्हणजे नेमके काय, हे विक्रेत्याने लेखी सांगितले पाहिजे. मूळ इंजिनात वेगळे कॅमशाफ्ट बसवून दोन्ही कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारे भाग) त्याप्रमाणे लावून घेतले असतील, तर उत्तमच. पण अनेकजण या गाडीत अल्फा ७५ या नंतरच्या गाडीचे ट्विन स्पार्क (दर सिलिंडरला दोन प्लगचे) इंजिन बसवतात. ते सुरेख चालते, हे मी नाकारत नाही. तरी जर्मनीत ऐतिहासिक गाडीची 'एच' पाटी मिळवायची, तर गाडी तीस वर्षांहून जुनी आणि तिच्यातील बदल तिच्या काळाला धरून असावे लागतात. साधारणपणे पहिल्या दहा वर्षांत जे बदल शक्य होते, ते चालतात. १९७२ च्या गाडीत १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातले इंजिन असेल, तर तपासनीस ते सहज मान्य करणार नाही आणि सवलतीचा वार्षिक करही हातचा जाईल.

आणखी एक फसगत या गाडीच्या बाबतीत नेहमीची आहे. याच मालिकेतील लहान इंजिनाच्या १३०० ज्युनिअरमध्ये मोठे इंजिन आणि २००० ची पुढची जाळी बसवून ती जीटीव्ही म्हणून विकली जाते. डाव्या स्टिअरिंगच्या युरोपीय २००० जीटीव्हीचा प्रकार १०५.२१ आणि इंजिनाच्या क्रमांकाची सुरुवात एआर ००५१२ अशी असते. इंजिनाच्या मागच्या पत्र्यावर ठोकलेला चासीचा क्रमांक आणि कागदपत्रे पडताळून पाहिल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका.

इंजिनापेक्षाही गंज जास्त महाग पडतो. दाराखालचे सिल एकावर एक अशा पत्र्यांच्या थरांचे असतात आणि बाहेरचा थर नवा, चकचकीत रंगवलेला असला तरी आतला कुजलेला असू शकतो. जॅक लावायच्या जागा, स्पेअर चाकाचा खड्डा आणि काचेखालचा भाग हाताने चाचपून पाहा. लोहचुंबक धरला की पुट्टी कुठे भरली आहे ते लगेच कळते. गाडी पूर्ण थंड असतानाच सुरू करायला सांगा. कार्ब्युरेटर ज्या रबरी बैठकींवर बसलेले असतात त्यांना भेगा पडतात, मग हवा खेचली जाऊन इंजिन मंद गतीला डगमगते. कूलंटमध्ये (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात) तेलाचा तवंग दिसला, तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाखालची सीलपट्टी, संपले असे समजा. थंड गाडीत दुसरा गिअर थोडा कुरकुरणे या गिअरबॉक्सला नवीन नाही, पण गरम झाल्यावरही तो दातांचा आवाज करत असेल, तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करून मागा.

राहिला पुण्याचा प्रश्न. भारतात २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. आयात केलेल्या गाडीलाही ही व्याख्या लागू आहे, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी तिच्यात अट आहे. त्यामुळे तुमचा विचार पक्का असेल, तर ट्विन स्पार्क इंजिनाच्या गाडीच्या वाटेला जाऊच नका. आणि मूळ इंजिन गाडीत असेल, तर काढून ठेवलेले जुने सुटे भाग, पावत्या आणि कामाचे फोटो सौद्यातच लिहून घ्या.