कॅनडाच्या पीआरची (कायमस्वरूपी वास्तव्याच्या परवानगीची) कागदपत्रं : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : एक्स्प्रेस एन्ट्री या ऑनलाइन पद्धतीतून फेडरल स्किल्ड वर्कर या कुशल कामगारांच्या गटासाठी आयटीए (पीआरचा अर्ज करण्याचं निमंत्रण) आलं आहे. जुन्या कंपनीचं एचआर फक्त रुजू झाल्याची आणि नोकरी सोडल्याची तारीख असलेलं पत्र देतं. तेवढ्यावर भागेल का? (नाशिक)

उत्तर : नाही भागणार. लेटरहेडवर हुद्दा, नोकरीचा काळ, आठवड्याचे तास, वार्षिक पगार व भत्ते आणि तुम्ही प्रत्यक्ष काय काम करत होता, हे सगळं हवं. खाली सही करणाऱ्याचं नाव, पद आणि संपर्क. गुण हुद्द्याच्या नावाला मिळत नाहीत. तुम्ही निवडलेल्या एनओसी कोडमधल्या (एनओसी म्हणजे कॅनडाची व्यवसायांची अधिकृत यादी) मुख्य कामांशी तुमचं काम जुळतं का, हे अधिकारी बघतो. ‘सीनियर एक्झिक्युटिव्ह’ एवढ्यावरून माणूस हिशेब लिहीत होता की माल विकत होता, हेही त्याला कळत नाही.

एचआर ऐकतच नसेल तर तुमच्या तेव्हाच्या वरिष्ठांकडून कामाचं सविस्तर निवेदन घ्या. ते तुमचे वरिष्ठ होते याचा पुरावा जोडा. त्यासोबत नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, पगार जमा झालेल्या खात्याचं स्टेटमेंट आणि कंपनीने पत्र नाकारल्याचा ईमेल द्या. ही जुळवाजुळव का करावी लागली, ते एका पानाच्या खुलाशात लिहा. एनओसीतली वाक्यं मात्र जशीच्या तशी उतरवू नका. तसली पत्रं अधिकाऱ्यांच्या लगेच ध्यानात येतात. खोटं पत्र सापडलं तर ५ वर्षं बंदी, आणि ती तुमच्यावर, एजंटवर नाही.

आयटीएनंतर अर्ज भरायला ६० दिवस मिळतात. त्यातच पीसीसी, म्हणजे पोलिसांचा चारित्र्य दाखलाही येतो. पासपोर्टवरचा पत्ता जुना असेल तर पोलीस पडताळणीत दिवस जातात, म्हणून त्याचा अर्ज आधी टाका. गेल्या १० वर्षांत दुबईत किंवा आणखी कुठे सलग ६ महिने किंवा जास्त राहिला असाल, तर तिथलंही पीसीसी लागतं. ऑगस्ट २०२५ पासून वैद्यकीय तपासणी कॅनडा सरकारच्या पॅनेलवरच्या डॉक्टरकडे अर्जाआधीच करून घ्यावी लागते.

प्रश्न : आधी मी एकटाच जाणार, बायको आणि दोन मुलं नंतर येतील. मग तिथे स्थायिक होण्यासाठी लागणारे पैसे एकट्यापुरतेच दाखवले तर चालतील? वडील गरजेचे पैसे खात्यात टाकणार आहेत. (सांगली)

उत्तर : चालणार नाहीत. पत्नी आणि मुलं सोबत येत नसली तरी मोजणी चौघांचीच. जुलै २०२५ च्या तक्त्याप्रमाणे एकट्याला १५,२६३ कॅनेडियन डॉलर, चौघांना २८,३६२. तक्ता दरवर्षी बदलतो, अर्ज भरताना ताजा बघा. अर्जात त्यांची नावं आणि वैद्यकीय तपासणीही चुकवू नका. ज्याची नोंद केली नाही, त्याला पुढे फॅमिली क्लासमधून (कुटुंबीयांसाठीच्या गटातून) स्पॉन्सर करणं बहुतेक वेळा अशक्य होऊन बसतं.

बँकेच्या पत्रात प्रत्येक खात्याचा क्रमांक, ते उघडल्याची तारीख, आजची शिल्लक, गेल्या ६ महिन्यांची सरासरी शिल्लक आणि थकीत कर्जं लिहिलेली असावीत. आठवड्यापूर्वी एकदम आलेली मोठी रक्कम सरासरीत दिसत नाही, आणि ती उसनी असल्याचा संशय येतो. वडील खरोखरच देणगी देत असतील तर गिफ्ट डीड (बक्षीसपत्र) करा आणि पैसे त्यांच्या खात्यात कुठून आले तेही दाखवा, म्हणजे मोडलेल्या एफडीची पावती किंवा जमीन विकल्याचं खरेदीखत. मोडता येणारी एफडी धरतात. फ्लॅटची किंमत धरत नाहीत.

प्रश्न : पासपोर्टवर माहेरचं नाव आहे आणि विवाह नोंदणीचा दाखला मराठीत आहे. आधी नाव बदलू का? (ठाणे)

उत्तर : गरज नाही. पासपोर्टवर जे नाव आहे त्याच नावाने आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा द्या आणि एक्स्प्रेस एन्ट्रीचं प्रोफाइल भरा. सासरचं नाव कुठल्याही कागदावर असेल तर ते ‘इतर नावं’ या रकान्यात लिहा. मध्येच नवा पासपोर्ट काढला तर त्याचा क्रमांक प्रोफाइलमध्ये बदलावा लागतो, एवढं विसरू नका. दाखल्याचं इंग्रजी भाषांतर प्रमाणित भाषांतरकाराकडून करून घ्या आणि मूळ प्रतीचं स्कॅन सोबत ठेवा. घरातल्या कुणी भाषांतर केलेलं चालत नाही, तो माणूस पेशाने भाषांतरकार असला तरी.

प्रश्न : आईला माझ्याच अर्जात घेता येईल का? (कोल्हापूर)

उत्तर : नाही. अवलंबितांमध्ये जोडीदार आणि साधारणपणे २२ वर्षांखालची अविवाहित मुलं एवढीच येतात. पीआर मिळाल्यावर आईसाठी सुपर व्हिसा (आईवडील, आजी-आजोबांना जास्त काळ राहता यावं म्हणून दिला जाणारा व्हिसा) काढता येईल. त्यावर एका वेळी ५ वर्षांपर्यंत राहता येतं. त्यासाठी तुमचं ठरावीक उत्पन्न आणि आईचा आरोग्य विमा लागतो.