वर्ड उघडताच बंद पडतं, काय करावं?

अप्पा बळवंत चौकाजवळ डीटीपीचं काम, वर्डचं पान दिसतं न दिसतं तोच खिडकी गायब, आणि विंडोज नव्याने टाकायचा सल्ला मिळालाय, असं तुम्ही लिहिलंय. विंडोजला हात लावू नका.

कंट्रोल की दाबून ठेवूनच वर्डच्या आयकॉनवर डबल क्लिक करा. सेफ मोडमध्ये (म्हणजे जोडलेल्या जादा गोष्टींशिवाय) उघडायचं का, असं विचारेल, हो म्हणा. तसं नीट चाललं तर वर्ड शाबूत आहे, दोष बहुधा अ‍ॅड-इनचा (वर्डला जोडलेल्या छोट्या जादा प्रोग्रॅमचा) किंवा टेम्पलेटचा (नव्या पानाच्या साच्याचा). फाइल, ऑप्शन्स, अ‍ॅड-इन्स इथे जाऊन खाली 'कॉम अ‍ॅड-इन्स' निवडा, 'गो' दाबा आणि सगळ्या खुणा काढा. मग एकेक परत लावून पाहा. पीडीएफ बनवणाऱ्या सॉफ्टवेअरने आपणहून बसवलेल्या अ‍ॅड-इनवर माझा पहिला संशय.

तरी पडतंच? वर्ड बंद करून रन बॉक्समधून (विंडोज की आणि R एकत्र दाबली की उघडतो) अ‍ॅपडेटा फोल्डर उघडा (टक्क्याची खूण, अ‍ॅपडेटा, परत टक्क्याची खूण). आत मायक्रोसॉफ्ट, त्यात टेम्पलेट्स. तिथल्या 'नॉर्मल' टेम्पलेटचं नाव बदला, पण कृपा करून डिलीट करू नका, तुमचे मॅक्रो (साठवून ठेवलेल्या आपोआप चालणाऱ्या कृती) आणि स्टाइल्स त्यातच असतात. वर्ड नवं टेम्पलेट स्वतः बनवतं.

डीटीपीवाल्यांसाठी खास: डिफॉल्ट प्रिंटर बदलून बघा. वर्ड सुरू होताना प्रिंटरच्या ड्रायव्हरकडे (प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे) चौकशी करतं, आणि जुना ड्रायव्हर तिथेच घात करतो. तात्पुरता 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' ठेवा.

सेफ मोडमध्येही पडत असेल तरच कंट्रोल पॅनेलमधून ऑफिसचं क्विक रिपेअर (झटपट दुरुस्ती) करा.